थालधारची राखण

खिमुलीला स्वस्थ बसलेली ल्वाखेत गावात कुणी पाहिली नाही. जेवतानासुद्धा तिचा एक गुडघा उभा असायचा, उठायला सोपं जावं म्हणून. मागावर गालिचा विणायला बसली तर आठ-दहा ओळी झाल्या की उठून दाराशी जायची, समोरच्या थालधार डोंगराच्या अंगाला ढग कुठवर उतरलेत ते बघायची आणि परत येऊन बसायची. "हिला घडवताना देव बूड लावायचंच विसरला," असं तिचा नवरा भवानसिंग चारचौघांत म्हणायचा. त्याचं वाक्य संपेपर्यंत ती दुसऱ्या कामाला लागलेली असायची.

ही चुळबुळ तिला बुग्यालाने लावली होती. झाडं संपतात तिथून वर बर्फाच्या रेषेपर्यंत गवताचं जे रान पसरलेलं असतं, त्या बुग्यालावर ती वयाच्या नवव्या वर्षापासून अतिविषाची औषधी मुळं खणत आली. तिचा बाप सांगायचा, अतिविष ताठ चालणाऱ्याला दिसत नाही. म्हणून ती वाकून, जवळजवळ रांगत चालायची. देठाला मिठी मारून बसलेलं पान आणि टोपीसारखं हिरवट निळं फूल तिला दहा पावलांवरून ओळखू यायचं. त्याचाच विषारी भाऊबंद, मीठा, शेजारी उगवतो आणि नवख्याला दोन्ही सारखेच दिसतात. खिमुलीचा हात मात्र कधी चुकला नाही.

लग्न होऊन ती ल्वाखेतात आली तेव्हा अठराची होती आणि तिचा धाकटा दीर धरमू सात वर्षांचा. सासू आधीच वारली होती. धरमूला तिनेच न्हाऊ घातलं, तिनेच फाफराच्या रोट्या भाजून घातल्या आणि हातात पेलेल इतका झाल्यावर आखूड दांड्याचा कुटलाही तिनेच दिला. जमीन कुठे हाणायची, मूळ न तोडता कसं उचलायचं, ते तो तिच्याकडूनच शिकला. पुढे पंचवीस वर्षं दीर-भावजय जोडीने खणायची. बर्फ वितळून गाव उन्हाळ्यापुरतं वरच्या घरांत राहायला आलं की ही दोघं सगळ्यांच्या आधी बुग्यालावर, आणि ऑक्टोबरात गाव खाली उतरायला लागलं की सगळ्यांच्या मागून खाली. त्यांनी खालच्या बाजारात किती पोती पाठवली याची गणती कुणाकडे नाही. धरमूचं घर त्यातून उभं राहिलं आणि खिमुलीचा मुलगा त्यातूनच शिकून खाली नोकरीला लागला.

मुळं बारीक होत चाललीत हे तिच्या लक्षात येत होतं. पूर्वी करंगळीएवढं निघायचं, मग पेराएवढं, मग हरभऱ्याएवढं. लक्षात येत होतं, पण ती थांबली नाही. उलट दर वर्षी थोडी आधी जायला लागली, कारण बाकीचेही आधी जायला लागले होते. बी धरायच्या आत खणायचं, नाहीतर दुसरा खणणार. ऑगस्टमध्ये फुलावर आलेली झाडं ती उपटायची आणि त्या दिवशी रात्री जेवण गेलं नाही तर पोट बिघडलंय असं म्हणायची.

मग चनुलीचं आजारपण आलं. चनुली तिची नात, दीड वर्षाची. सून तिला घेऊन चार दिवसांसाठी वरच्या गावी आली होती. दुसऱ्याच दिवशी पोरीला जुलाब सुरू झाले, ते काही केल्या थांबेनात. आरोग्य केंद्र दीड दिवसाच्या चालीवर. खिमुली म्हणाली, अतिविष उगाळून द्या, आणि फडताळातली डबी काढली. डबी रिकामी होती. ती धरमूकडे धावली. त्याच्या बायकोने, पदिमाने, उतरंडीतलं एकेक मडकं उपडं केलं, काही निघालं नाही. सतरा घरं खिमुलीने पालथी घातली. ज्या गावातून अतिविषाची पोती खाली जात होती, त्या गावात एका पोरीला पुरेल एवढं मूळ नव्हतं.

शेवटी रुपसी आमाकडे मिळालं. आमा, म्हणजे आजी, नव्वदीच्या घरातली. तिने उशाखालच्या पत्र्याच्या डबीतून, मेलेल्या नवऱ्याच्या कानातल्या बाळ्यांच्या शेजारून, एक सुरकुतलेला तुकडा काढला.

"घे," आमा म्हणाली. "पण खिमुली, एवढं सगळं खणलंस तू, एक मूळ घरात ठेवायचं सुचलं नाही होय गं तुला?"

खिमुलीला तोंडावर कुणी चापट मारावी तसं झालं. ती तुकडा घेऊन पळाली. मुलगी वाचली. उगाळलेल्या मुळाने वाचली की दुसऱ्या दिवशी निघून भवानसिंगाने तिला पाठीवर बांधून केंद्रात नेली आणि तिथे पाण्यातून पुड्या पाजल्या त्याने वाचली, ते सांगता यायचं नाही. खिमुलीने तो वाद कधी घातला नाही. तिच्या डोक्यात ती रिकामी डबी बसली होती.

त्या वर्षी बर्फ पडायच्या आधी वनपंचायतीची बैठक भरली, तेव्हा ती उठून उभी राहिली. बायका बैठकीत बसायच्या, पण उभ्या राहायच्या नाहीत. ती म्हणाली, "थालधारचा अख्खा उतार पाच वर्षं बंद करा. तिथे कुटला न्यायचा नाही. बाकीच्या बुग्यालावर खणा, पण भाद्रपदातली नंदाष्टमी झाल्यावरसुद्धा लगेच नाही. बी काळं पडून खाली सांडलं की मग."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "हे बोलतंय कोण? निम्मा थालधार हिच्याच पोत्यात गेलाय."

हशा झाला. खिमुली म्हणाली, "म्हणून तर मला माहीत आहे किती उरलंय ते."

"बोजी," धरमू म्हणाला. वहिनीला तो नेहमी हसूनच हाक मारायचा, तसाच आताही हसत होता. "तुझं पोरगं नोकरीला लागलं. माझी दोघं अजून शाळेत आहेत. तुझं पोट भरलं म्हणून आता आमचं ताट उचलतेस काय?"

खिमुली खाली बसली. ते खरं होतं आणि खरं असल्यामुळेच तिच्या जिव्हारी लागलं. सरपंच केसरसिंग समजूतदार माणूस, पण त्यालाही गंमत करायचा मोह आवरला नाही. "करू बंद," तो म्हणाला. "पण राखण कोण करणार? तूच कर. नाहीतरी तुला घरात बसवत नाही."

चेष्टेत ठरलं, पण वहीत लिहिलं गेलं. वहीत लिहिलेलं खिमुलीने खरं मानलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती थालधारच्या खालच्या अंगाला दगडी खोपटात राहायला गेली. बरोबर घोंगडी, सत्तूची पिशवी, मीठ-लोणी घालून ज्या, म्हणजे चहा, घुसळायची लाकडी नळी आणि एक म्हातारा कुत्रा. पहिल्या आठवड्यातच तिने अख्खा उतार रांगत पालथा घातला आणि अतिविषाची झाडं मोजली. एकसष्ट. तिच्या लहानपणी एवढी झाडं एका खडकाच्या आडोशाला असायची. एखादं हरवू नये म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी तिने एक पांढरा दगड ठेवला.

त्यानंतर तिला चैन अशी पडलीच नाही. सकाळी वरून खाली, दुपारी खालून वर. गारा आल्या की खोपटातून डोकं बाहेर, थांबल्या की धावत पहिल्या दगडापासून शेवटच्यापर्यंत. मेंढपाळांचे कळप वर आले तेव्हा ती काठी घेऊन वाटेत उभी राहिली. मेंढपाळ म्हणाला, "दीदी, मेंढीला तुझा कायदा वाचता येत नाही." ती म्हणाली, "तुला येतो ना?" तासभर भांडण झालं. शेवटी त्याने कळप ओढ्याच्या पलीकडून नेला आणि जाताना तिला चीजचा गोळा दिला. भवानसिंग पंधरा दिवसांनी पीठ घेऊन यायचा. तिच्याकडे बघून म्हणायचा, "झाडं वाढतायत की नाही ठाऊक नाही, तू मात्र वाळत चाललीस."

पहिल्या वर्षी बी धरलं, काळं पडलं, सांडलं. दुसऱ्या वर्षीही. पण नवं रोप तिला कुठे दिसेना. ती जमिनीला नाक लावून शोधायची. हजार प्रकारची कोवळी पानं असायची, त्यातलं कुठलं अतिविषाचं ते तिला सांगता यायचं नाही. उभ्या आयुष्यात तिने अतिविष मोठं झाल्यावरच पाहिलं होतं, उपटण्याजोगं झाल्यावर. त्याचं बाळ कसं दिसतं ते तिला ठाऊकच नव्हतं. या विचाराने तिचा जीव आणखी खालीवर व्हायचा. आपण गावाशी वाकडं घेऊन रिकाम्या उताराची राखण करतोय की काय, असं वाटायचं.

तिसऱ्या वर्षी, नंदाष्टमी होऊन आठवडा झाला होता. भर दुपारी धुकं उतरलं, हातभर अंतरावरचं दिसेना. खिमुली खोपटात ज्या घुसळत होती. कुत्रा भुंकला, मग शेपटी हलवायला लागला. तिने कान दिला. वरून ओल्या मातीत लोखंड शिरल्याचा आवाज येत होता. एक नव्हे, चार-पाच ठिकाणांहून.

नळी तशीच टाकून ती वर धावली. पहिला माणूस अनोळखी होता, डोंगराच्या धारेपलीकडच्या गावाचा. दुसरा, तिसरा, चौथाही. पाचवा वाकून खणत होता आणि त्याची पाठ तिला धुक्यातही ओळखता आली.

"धरमू."

तो उठला नाही. "बोजी, तू खाली जा. ज्या निवून जाईल."

"बी हिरवं आहे अजून. तीन आठवडे हवेत त्याला."

"मला कळत नाही होय? तूच शिकवलंस." त्याने मूळ उचललं, माती झटकली. "मी थांबेन गं तीन आठवडे. हे थांबतील का? यांच्या गावात कुठे आहे तुझी वही? हे आज ना उद्या नेणारच होते. मग आपल्या गावाच्या वाट्याला काय, तुझी राखण?"

"यांना आणलं कुणी?"

धरमूने कुटला पुन्हा हाणला. पलीकडचा एक जण हसून म्हणाला, "आणायला कशाला लागतंय, दीदी. तुम्ही तर पान वाढून ठेवलंत. जिथे पांढरा दगड तिथे झाड. एवढं सोपं खणणं जन्मात मिळालं नव्हतं."

खिमुलीने वळून पाहिलं. धुक्यात झाड दिसत नव्हतं, पान दिसत नव्हतं, पण तिने धुऊन-पुसून ठेवलेले दगड दातांसारखे चमकत होते. मग ती धावत सुटली. खालच्या दगडापाशी गेली, तो उचलून दरीत फेकला. दुसरा फेकला. तिसरा. तिला दगड शोधावे लागत नव्हते, प्रत्येकाची जागा पायांना पाठ होती. गुडघे फुटले, नखं निघाली. वरून माणसं खणत खाली येत होती आणि ती खालून दगड फेकत वर जात होती. मध्यावर दोघांची गाठ पडली तेव्हा खालच्या निम्म्या उतारावर धुकं आणि गवत यांखेरीज काही दिसत नव्हतं. पलीकडच्यांनी थोडा वेळ इकडेतिकडे हाणून पाहिलं, वैतागले आणि निघून गेले. धरमू सगळ्यात शेवटी गेला. जाताना तिच्याकडे पाहिलं नाही.

अतिविषाला जमिनीखाली दोन गाठी असतात. एक आई, गेल्या वर्षीची, तपकिरी. तिला लागून लेक, पांढरी, पुढच्या वर्षाची. खणणाऱ्यांनी मोठ्या गाठी नेल्या होत्या आणि वाटाण्याएवढ्या लेकी निरुपयोगी म्हणून खड्ड्यांशेजारी टाकल्या होत्या. खिमुलीने दोन दिवस त्या वेचल्या आणि पुन्हा पुरल्या. अठ्ठावीस सापडल्या. दगड मात्र एकाही बुडाशी ठेवला नाही.

ती गावात उतरली, पण कुणाला काही सांगितलं नाही. आठ दिवस ती घरभर फिरत होती. अंगणात जायची, धरमूच्या दाराकडे बघायची, परत आत. पदिमा नेहमीसारखी तिला ज्या प्यायला बोलवायची आणि खिमुली काहीतरी काम काढून टाळायची.

"सांग असं मी म्हणत नाही," भवानसिंग एकदा म्हणाला. "सांगू नको असंही म्हणत नाही."

"मग बोलता कशाला?"

"तुझ्या फेऱ्यांनी जमीन झिजली. भाऊ माझा आहे, पण वाढवलास तू. काय ते तूच ठरव."

बैठकीत केसरसिंगाने विचारलं, कोण होते. आता तो चेष्टा करत नव्हता. खिमुली उभी राहिली.

"चौघे पलीकडचे," ती म्हणाली. "पाचवा आमचा धरमू."

पंचायतीने धरमूला दोन वर्षं बुग्यालावर खणायची बंदी घातली. त्याचा कुटला पंचायतीच्या खोलीत टांगला. पलीकडच्या गावाशी बोलायला केसरसिंग स्वतः गेला आणि शिव्या खाऊन परत आला. त्याच आठवड्यात धरमूने दोन्ही घरांच्या सामाईक अंगणातून दगडी भिंत घातली. कमरेएवढीच, पण ओलांडता न येणारी. पदिमा भिंतीपलीकडून खिमुलीशी एक शब्द बोलेना. धान्य सुकवताना दोघींचे हात एकमेकींपासून वीतभर अंतरावर असायचे.

चौथ्या उन्हाळ्यात खालच्या कुठल्याशा संस्थेतून वनस्पतींचा अभ्यास करणारी एक बाई आली. मुक्ता जोशी तिचं नाव, वय तिशीच्या आत. लाकडाची चौकट जमिनीवर ठेवायची, आतली झाडं मोजायची, लिहायची, चौकट एक पाऊल पुढे. खिमुली तिच्या मागे अस्वस्थपणे येरझारा घालत होती. "एवढ्या वेळात मी धार दोनदा पालथी घातली असती," ती म्हणाली. मुक्ता हसली आणि चौकटीतल्या दोन गोलसर, नखाएवढ्या पानांवर पेन्सिल टेकवली.

"आमा, हे ओळखलंत का?"

"गवत असेल."

"तुमचं अतिविष आहे. दोन वर्षांचं. फूल यायला अजून एक-दोन वर्षं लागतील."

खिमुली गुडघ्यांवर बसली. तिने ते पान पाहिलं, मग शेजारचं, मग खडकाच्या कडेची सगळी पट्टी. गेली दोन वर्षं ती या पानांवरून चालत होती. तिने भराभर पाय आवरून घेतले, आता कुठे ठेवायचे तेच कळेना. मुक्ताच्या चौकटीत त्या दिवशी दोनशेच्या वर रोपं भरली. खिमुलीला आनंद झाला, पण तो रात्रीपर्यंतही टिकला नाही. एकसष्टांची काळजी होती ती आता दोनशेंची झाली. त्या वर्षी सप्टेंबरातच बर्फ पडलं आणि हिरवं बी झाडावरच कुजलं. या चोराचं नाव कुठल्या बैठकीत सांगायचं, असं ती भवानसिंगाला विचारत राहिली.

पाच वर्षं संपली तेव्हा बैठकीत सगळ्यांना वाटलं, खिमुली आणखी पाच मागणार. ती म्हणाली, "उघडा. पण चार झाडांतलं एकच काढायचं, बी सांडल्यावर. आणि लेक तिथल्या तिथे परत पुरायची. मी उभी राहीन." कुणीतरी विचारलं, मग इतकी वर्षं भांडलीस कशाला. ती म्हणाली, "गावात औषधाला तुकडा नव्हता म्हणून. नुसतं बघायला नाही राखलं मी."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, स्वच्छ उन्हात, चौदा माणसं थालधारवर चढली. धरमूची बंदी त्याच वर्षी उठली होती. तोही आला, सगळ्यांपासून बाजूला. केसरसिंगाने मानाने पहिला कुटला खिमुलीच्या हातात दिला. तिने तो धरला, थोडा वेळ तोलून पाहिला आणि शेजारच्या बाईला देऊन टाकला. मग ती एकेकाच्या मागे फिरायला लागली. हे नको, ते घे. अगं मूळ तुटलं, हात हलका ठेव. माती परत लोट.

धरमूपाशी ती आली तेव्हा पुढे जाणार होती. त्याने जुनी गाठ काढून पिशवीत टाकली होती आणि पांढरी लेक बोटांत धरली होती. त्याने भोक केलं, लेक आत ठेवली, अंगठ्याने दाबली आणि वर न बघता थांबला. खिमुली तिथेच उभी राहिली. दोन वर्षं तिने या माणसाच्या खोकल्याचा आवाज भिंतीपलीकडून ऐकला होता.

"इतकी खोल नको," ती म्हणाली. "गुदमरेल."

धरमूने माती उकरली, गाठ बोटभर वर घेतली आणि पुन्हा दाबली. "आता?"

"हं."

एवढंच. खाली उतरताना तो आपल्या वाटेने गेला. अंगणातली भिंत आजही आहे, पण पुढच्या उन्हाळ्यापासून पदिमा तिच्यावर वाळवण टाकते आणि पाऊस आला तर खिमुली ते उचलून आत ठेवते.

त्या दिवशी सगळे खोपटाशी जमून ज्या पीत होते तेव्हा खिमुली त्यांच्यात नव्हती. ती उतारावर एकेक खड्डा पायाने चाचपत होती, नीट बुजवलाय की नाही ते बघत होती. भवानसिंगाने दोनदा हाक मारली. "आले," ती म्हणाली आणि पुढच्या खड्ड्याकडे वळली.